एरंगळची जत्रा आणि मढ ते मार्वे किनाऱ्याची वाट
हिंगोली जिल्ह्यातील भाविकांसाठी माहिती

मुंबई महाधर्मप्रांतातील एरंगळ हे मालाडच्या पश्चिमेला, अरबी समुद्राच्या काठी वसलेले एक जुने गाव आहे. येथील संत बोनाव्हेंचर यांचे ख्रिस्तमंदिर अगदी वाळूला लागून उभे असून, त्याचा वार्षिक सण जानेवारी महिन्याच्या दुसऱ्या रविवारी साजरा होतो. 'एरंगळची जत्रा' या नावाने हा सण उत्तर मुंबईच्या कोळी, ईस्ट इंडियन व भंडारी समाजांत सर्वज्ञात आहे. मढ, वेसावे, मनोरी, गोराई, उत्तन आणि थेट वसईपर्यंतचे लोक या दिवशी येथे लोटतात. अनेक ख्रिस्तेतर कुटुंबेही पिढ्यान् पिढ्या न चुकता हजेरी लावतात.

या जत्रेला जोडूनच एक पायी प्रवास करता येतो. दक्षिणेला मढच्या धक्क्यापासून निघावे, किनाऱ्याकिनाऱ्याने एरंगळला यावे, पुढे दाणापाणी व आक्सा या किनाऱ्यांवरून उत्तरेला मार्वेच्या खाडीपर्यंत पोहोचावे. अंतर सारे मिळून दहा किलोमीटरच्या आसपास आहे. आकडा ऐकून आपल्याकडील तरुण हसतील, कारण शेतावर जाण्यायेण्यात कित्येकांचे एवढे चालणे सहज होते. परंतु ही वाट कठीण आहे ती लांबीमुळे नव्हे. तिचा काही भाग दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो आणि दोनदा पुन्हा वर येतो, ही तिची खरी अडचण आहे.

हिंगोलीपासून समुद्र रस्त्याने साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास दूर आहे. आपल्या जिल्ह्यातील माणसाला पाणी ठाऊक असते ते कयाधूचे, पूर्णेचे, सिद्धेश्वर किंवा इसापूर धरणाचे. कयाधूला पूर येतो तो पाऊस पडल्यावर, ढग पाहून, गढूळ पाण्याची वर्दी देऊन. समुद्राचे पाणी मात्र निरभ्र आकाशाखाली, वारा नसतानाही चढते. औंढा नागनाथची महाशिवरात्रीची यात्रा किंवा हिंगोलीचा दसरा पाहिलेल्या माणसाला एरंगळच्या गर्दीचे नवल वाटणार नाही. नवा असेल तो समुद्र. म्हणून युवक गटांनी वा कुटुंबांनी या सहलीचा बेत आखताना मिस्साची वेळ आधी पाहू नये, ओहोटीची वेळ आधी पाहावी आणि बाकीचा दिवस तिच्याभोवती बसवावा. प्रस्तुत लेखाचा मुख्य हेतू तो बेत कसा बसवावा हे सांगण्याचा आहे.

ख्रिस्तमंदिर आणि सणाचा दिवस

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई व तिच्या आसपासची बेटे तहान्वये पोर्तुगिजांच्या हवाली केली. त्यानंतर साष्टी बेटावर व वसई प्रांतात फ्रान्सिस्कन संघाच्या धर्मगुरूंनी ठिकठिकाणी ख्रिस्तमंदिरे उभारली. एरंगळचे ख्रिस्तमंदिर इ. स. १५७५ मधील मानले जाते. ते ज्या संताला अर्पण केले गेले ते बोनाव्हेंचर हे स्वतः फ्रान्सिस्कन होते, हा योगायोग खचितच नव्हे.

संत बोनाव्हेंचर यांचा जन्म इ. स. १२२१ च्या सुमारास इटलीतील बान्योरेजो येथे झाला. १२५७ मध्ये ते फ्रान्सिस्कन संघाचे सर्वोच्च प्रमुख झाले, १२७३ मध्ये कार्डिनल झाले आणि ल्योंची दुसरी धर्मपरिषद चालू असतानाच १५ जुलै १२७४ रोजी त्यांनी देह ठेवला. १४८२ मध्ये त्यांना संतपद व १५८८ मध्ये 'धर्मपंडित' ही पदवी देण्यात आली. म्हणजे एरंगळचे ख्रिस्तमंदिर उभे राहिले तेव्हा ते संत होते, पण धर्मपंडित म्हणून त्यांची घोषणा व्हायची होती. १२५९ मध्ये ते टस्कनीतील ला व्हेर्ना या डोंगरावर चढून गेले. असिसीकर संत फ्रान्सिस यांना ज्या डोंगरावर पंचक्षतांचे चिन्ह लाभले तोच हा डोंगर. तेथील एकांतात त्यांना मानवी आत्म्याच्या ईश्वराकडील प्रवासावरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ सुचला. पायी चालत सणाला जाणाऱ्यांना यापेक्षा शोभणारा आश्रयदाता संत शोधून सापडणार नाही.

येथे एक प्रश्न स्वाभाविकपणे उद्भवतो. वैश्विक ख्रिस्तसभेच्या पंचांगात या संताचा स्मृतिदिन १५ जुलै हा आहे. मग एरंगळला तो जानेवारीत का? उत्तर किनाऱ्यावर उभे राहिले की आपोआप मिळते. जुलै महिन्यात कोकणचा समुद्र खवळलेला असतो आणि होड्या ओढून वर घेतलेल्या असतात. आजही महाराष्ट्राच्या सागरी हद्दीत १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. ज्या सणाला माणसे होडीने यायची, तो सण भर पावसाळ्यात भरणे शक्यच नव्हते. जानेवारीत मात्र समुद्र शांत असतो, हवा थंड असते, भाताची कापणी-झोडणी उरकून घरात धान्य आलेले असते. सणाची तारीख जुळते ती कोळ्याच्या व शेतकऱ्याच्या सवडीशी.

१७३७–३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी साष्टी व वसई पोर्तुगिजांकडून जिंकून घेतली. पुढे १७७४ मध्ये साष्टी इंग्रजांकडे गेली. राज्यकर्ते बदलले, परंतु गावचे ख्रिस्ती लोक तेथेच राहिले आणि त्यांची बोलीही मराठीच राहिली. 'ईस्ट इंडियन' हे नाव पुष्कळ अलीकडचे. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, या समाजाची संघटना मुंबईत स्थापन झाली तेव्हापासून ते रूढ झाले. आपल्याकडील कित्येकांना हे नाव ऐकून ही मंडळी बंगालकडची असावीत असे वाटते. प्रत्यक्षात ती मुंबईच्या मूळ रहिवाशांपैकी आहेत आणि जत्रेत जुन्या स्त्रिया लुगड्यातच दिसतात.

भरती-ओहोटीचे गणित

समुद्राचे पाणी साधारण सहा तास चढते व सहा तास उतरते. चढण्याला भरती व उतरण्याला ओहोटी म्हणतात. दिवसातून दोन भरत्या व दोन ओहोट्या होतात. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवत असल्याने भरतीची वेळही रोज तितकीच पुढे सरकते. त्यामुळे गेल्या वर्षीच्या जत्रेला सकाळी नऊ वाजता कोरडा असलेला खडक यंदा त्याच वेळी पाण्याखाली असू शकतो. जो मागच्या वर्षी जाऊन आला तोच या वाटेवर अधिक फसण्याचा संभव असतो, हे गटप्रमुखांनी विशेष ध्यानात घ्यावे.

कोळी बांधव हे गणित घड्याळावरून नव्हे, तिथीवरून करतात. त्यांचा नियम सोपा असून तो आपल्या घरच्या दिनदर्शिकेवरूनही करता येतो: त्या दिवशीच्या तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारचे पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती, पहाटेही व दुपारीही. तिच्या सहा तास मागेपुढे, म्हणजे नऊ वाजता, पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहा वाजता व ओहोटी बारा वाजता. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, नियम तोच. प्रत्यक्षात वेळ अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होते, म्हणून हा नियम बेत ठरवण्यापुरता वापरावा. शेवटची खात्री मुंबईच्या वृत्तपत्रांत छापून येणाऱ्या अथवा संकेतस्थळांवर मिळणाऱ्या वेळापत्रकावरूनच करावी.

वेळेइतकेच महत्त्व पाणी किती चढेल यालाही आहे. अमावास्या व पौर्णिमेच्या आसपास भरती सर्वांत मोठी असते, तिला 'उधाण' म्हणतात. त्या दिवसांत मुंबईच्या किनाऱ्यावर पाण्याची उंची साडेचार ते पाच मीटरपर्यंत जाते, म्हणजे एका मजल्याहूनही अधिक. अष्टमीच्या सुमारास भरती लहान असते, तिला 'भांग' म्हणतात. मात्र भांगेच्या दिवसांत ओहोटीही पुरती उतरत नाही. त्यामुळे खडकाच्या टोकांशी पाणी रेंगाळत राहते, आणि उधाणाच्या ओहोटीत जी वाट मोकळी मिळाली असती ती भांगेला मिळत नाही.

गेल्या दोन जत्रांची उदाहरणे घेतल्यास हा फरक स्पष्ट होईल. १२ जानेवारी २०२५ रोजी पौष शुद्ध चतुर्दशी होती. चौदाचे पाऊणपट साडेदहा, म्हणजे सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास उधाणाची भरती व सायंकाळी साडेचार-पाचला ओहोटी. त्या वर्षी सकाळी किनाऱ्याने चालणे सर्वथा अयोग्य होते. सकाळची मिस्सा, दुपारचे जेवण आणि तीननंतर पदभ्रमण, हाच क्रम बरोबर ठरला असता. याउलट ११ जानेवारी २०२६ रोजी सूर्योदयाला पौष वद्य अष्टमी होती: भरती सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास, ओहोटी भर दुपारी, आणि तीही भांगेची. त्या दिवशी दहा ते दोन ही चालण्याची वेळ होती आणि खडकाळ टोके टाळून तेथे डांबरी रस्ता धरणे शहाणपणाचे होते. सण तोच, वार तोच, पण दोन्ही वर्षांचे दिवस एकमेकांच्या उलट.

आणखी एक बारकावा सांगितला पाहिजे, कारण नदीकाठच्या माणसाला तो सहसा ठाऊक नसतो. भरतीचे पाणी सहाही तास सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात ते जेमतेम हलते आणि माणूस निर्धास्त होतो. तिसऱ्या व चौथ्या तासात मिळून ते एकूण चढाच्या निम्मे चढते. चढ चार मीटरचा असेल तर या दोन तासांत दोन मीटर, म्हणजे उभ्या माणसाच्या डोक्यावरून पाणी. यावरून साधा दंडक असा निघतो की, पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी निघावे आणि ओहोटीनंतर एका तासाच्या आत खडकाळ भाग मागे टाकलेला असावा. तसे जमणार नसेल तर रस्त्याने जावे. रस्ता जवळच आहे, त्यात कमीपणा नाही.

मढपासून एरंगळपर्यंत

वेसाव्याच्या धक्क्यावरून होडीने खाडी ओलांडली की काही मिनिटांत मढचा धक्का येतो. येथूनच चालायला सुरुवात करावी. मढचा कोळीवाडा प्रथम लागतो आणि तेथे घाई करू नये. बांबूंच्या उंच वलांडींवर बोंबील दोराला अडकवून वाळत घातलेले असतात आणि जाळी शिवणारे हात सावलीत बसलेले असतात. येथील डोल जाळ्यांची मासेमारी पूर्णतः भरती-ओहोटीच्या ओढीवर चालते. समुद्रात रोवलेल्या खुंटांना पिशवीसारखे जाळे बांधायचे, पाण्याच्या प्रवाहाने मासळी त्यात भरू द्यायची आणि प्रवाह थांबला की जाळे उचलायचे. वर सांगितलेले तिथीचे गणित ही या लोकांची रोजची भाकरी आहे. कुठल्याही पुस्तकापेक्षा कोळीवाड्यातील एखाद्या मामांना "आज पाणी केव्हा सुकेल?" असे विचारणे अधिक खात्रीचे. ओहोटीला येथे पाणी सुकणे असेच म्हणतात.

दक्षिण टोकावर मढचा, अर्थात वेसाव्याचा किल्ला आहे. पोर्तुगिजांनी खाडीच्या मुखावर नजर ठेवण्यासाठी तो बांधला आणि १७३९ मध्ये तो मराठ्यांच्या ताब्यात आला. सध्या तो हवाई दलाच्या अखत्यारीत असल्याने आत जाता येत नाही. बाहेरून तट व बुरूज पाहून, जवळच्या किल्लेश्वर महादेवाच्या मंदिरापाशी समुद्र न्याहाळून परतावे. पहाऱ्यावरील जवानांशी वाद घालू नये.

किल्ल्याकडून उत्तरेला वळल्यावर वाळूचे लहान लहान पट्टे व त्यांच्यामध्ये घुसलेली खडकाळ टोके असा किनारा सुरू होतो. चालण्याची खरी कसोटी या टोकांवर लागते. आपल्या मराठवाड्याचा काळा पाषाण आणि हे खडक एकाच प्राचीन ज्वालामुखी काळाची अपत्ये आहेत. मात्र मुंबईच्या या पश्चिम कडेला काळ्या बेसाल्टखेरीज फिकट रंगाचे ऱ्हायोलाइट जातीचे खडकही आढळतात. खडकाचा रंग कोणताही असो, ओला भाग हिरव्या शेवाळाने निसरडा झालेला असतो आणि कोरड्या भागाला कालवांचे शिंपले चिकटलेले असतात. त्यांची कड पात्यासारखी धारदार असते. अनवाणी चालण्याचा नवस कोणी केला असेल तर तो वाळूवर फेडावा, या खडकांवर नव्हे. रबरी तळाचे, मागून बंद असलेले पायताण हवे. साधी चप्पल येथे दगा देते.

हात मोकळे ठेवून, तीन ठिकाणी आधार घेऊन चौथा अवयव हलवावा. पाऊल ठेवण्यापूर्वी खडक ओला आहे की कोरडा ते पाहावे. खडकावर पाण्याची जी काळसर रेघ दिसते ती भरतीची मर्यादा होय. त्या रेघेच्या खाली बसून डबा उघडण्याचा मोह टाळावा. लाटेकडे पाठ करून छायाचित्रासाठी उभे राहणे तर कटाक्षाने वर्ज्य. दर काही लाटांनंतर एखादी लाट इतरांहून मोठी येते आणि ती सांगून येत नाही.

काही ठिकाणी किनाऱ्यालगत खासगी बंगल्यांच्या भिंती आहेत. चित्रीकरणासाठी भाड्याने दिले जाणारे हेच ते बंगले, ज्यांचे दर्शन आपणांस दूरचित्रवाणीवर अधूनमधून घडत असते. तेथे वाट अडते. अशा वेळी भिंतीखालून, पाण्यातून वळसा घालू नये, मागे येऊन रस्ता धरावा. उत्तरेकडे मार्वेजवळ नौदलाचा 'हमला' हा तळ आहे, त्याच्या हद्दीत शिरू नये व छायाचित्रे काढू नयेत.

शेवटचे टोक वळले की एरंगळचा अर्धचंद्राकृती किनारा समोर येतो. माडांच्या मागे ख्रिस्तमंदिराचा पांढरा दर्शनी भाग दिसू लागतो आणि वाद्यांचा आवाज वाऱ्यावर येऊ लागतो. रस्त्याने मोटारीत बसून येणाऱ्याला हे दर्शन घडत नाही. पूर्वी होडीने येणाऱ्यांनी सणाचे गाव असेच, समुद्राकडून पाहिले.

सणाच्या दिवशी

सणापूर्वी नऊ दिवस नोव्हेना होते. सणाच्या रविवारी सकाळपासून मिस्सा असतात. नेमक्या वेळा व भाषा त्या वर्षीच्या पत्रकावरून पाहाव्यात. पूर्वी लोक आदल्या दिवशीच बैलगाड्यांनी व होड्यांनी येत, वाळूवर व माडांखाली राहुट्या ठोकत, तीन दगडांची चूल मांडून रांधत आणि रात्र तेथेच काढत. मोटारी आल्यावर बैलगाड्या गेल्या, पण किनाऱ्यावर मुक्काम करून एकत्र जेवण्याची रीत अद्याप टिकून आहे. ख्रिस्तमंदिरात मेणबत्ती लावून झाली की कुटुंबे आपापल्या मांडवाकडे वळतात आणि दुपारपर्यंत सारा किनारा स्वयंपाकघर होऊन जातो. एका घरच्या मांडवाखाली दुसऱ्या घरची माणसे जेवताना दिसतात आणि कोण कोणाचे हे पाहुण्याला कळेनासे होते.

ईस्ट इंडियन घरांतील 'फुगिया' या वेळी अवश्य चाखावा. मैदा व नारळाचे दूध यांचे आंबवलेले पीठ हाताच्या मुठीतून तेलात सोडून तळलेले हे गोल, हलके पाव मटणाच्या अगर कोंबडीच्या रश्शाबरोबर खातात. रश्शाला लागतो तो 'बाटली मसाला'. उन्हाळ्यात, पावसाळ्यापूर्वी, वीसहून अधिक जिन्नस भाजून-कुटून तो वर्षभरासाठी काचेच्या बाटल्यांत ठासून भरतात, म्हणून हे नाव. आपल्या काळ्या मसाल्याला सरावलेल्या जिभेला तो रंगाने लाल व चवीने वेगळा लागेल, पण परका लागणार नाही. जत्रेच्या दुकानांत खेळणी, मिठाई, मेणबत्त्या व सुकी मासळी मिळते. पाळणेही असतात.

पदभ्रमण करून आलेल्यांनी एक भान ठेवावे. ओल्या, वाळूने माखलेल्या कपड्यांनी थेट मिस्साला जाऊन बसणे शोभत नाही. पिशवीत कोरडा सदरा किंवा ओढणी ठेवावी, पाय धुवावेत व मगच ख्रिस्तमंदिरात प्रवेश करावा. कोणाच्या मांडवात बोलावणे आले तर नाही म्हणू नये, मात्र बोलावल्याशिवाय ताटांची छायाचित्रे काढीत हिंडूही नये. कचऱ्याविषयी लिहिताना मन खिन्न होते. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी पत्रावळी व प्लास्टिकच्या बाटल्यांचा जो थर वाळूवर उरतो तो पुढच्या भरतीबरोबर पाण्यात जातो आणि कोळ्यांच्या जाळ्यात परत येतो. आपण आणलेले आपल्यासोबत परत न्यावे, इतके तरी पाहुण्यांनी करावेच.

आक्सा : पाण्यात उतरू नये

एरंगळच्या उत्तरेला दाणापाणीचा व त्यापुढे आक्साचा किनारा आहे. आक्सा लांब, सपाट व दिसायला अत्यंत रमणीय आहे, आणि मुंबईतील सर्वांत घातक किनाऱ्यांपैकी एक म्हणून त्याची नोंद आहे. गेल्या अनेक वर्षांत येथे पुष्कळ माणसे बुडाली. त्यांत पोहता येणारेही होते. म्हणून विहिरीत व धरणात सूर मारणाऱ्या आपल्या तरुणांना उद्देशून हा भाग जरा विस्ताराने लिहिला आहे.

लाटा किनाऱ्यावर येऊन फुटतात तेव्हा त्यांनी आणलेले पाणी कुठून तरी परत जावे लागते. ते वाळूच्या दोन उंचवट्यांमधील खोलगट पन्हळीतून एकवटून वेगाने समुद्राकडे धावते. ही ओढ माणसाला खाली खेचत नाही, आत खेचते. वरून पाहता त्या जागी लाटा फुटत नसतात, पाणी शांत दिसते, आणि नवखा माणूस नेमकी तीच जागा सुरक्षित समजून उतरतो. आक्साच्या किनाऱ्यावरील वाळू सतत सरकत असल्याने या पन्हळी आज एका ठिकाणी तर काही दिवसांनी दुसऱ्या ठिकाणी असतात. गुडघाभर पाण्यात असलेला माणूस दोन पावलांत गळ्याएवढ्या पाण्यात जातो तो यामुळे. ओहोटीच्या वेळी ही ओढ अधिक वाढते.

नदीत पोहणारा माणूस काठाकडे सरळ हात मारतो, आणि समुद्राच्या ओढीत तेच चुकते. ओढीच्या विरुद्ध कोणीही पोहू शकत नाही, दमून जातो व बुडतो. कोणी सापडलाच तर त्याने घाबरून न जाता अंग पाण्यावर सोडावे, किनाऱ्याला समांतर असे बाजूला पोहावे आणि ओढ संपली की मग तिरक्या दिशेने काठाकडे यावे. किनाऱ्यावरच्यांनी त्याच्यामागे उडी घेऊ नये. एकाला वाचवण्यासाठी गेलेले दोघे-तिघे बुडाल्याच्या घटना सर्वत्र घडल्या आहेत. रिकामा डबा, हवा भरलेली पिशवी, दोर, ओढणी, जे तरंगेल वा पोहोचेल ते फेकावे व जीवरक्षकांना हाक द्यावी. आपत्कालीन क्रमांक ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, मुंबई महापालिकेचा आपत्ती व्यवस्थापन कक्ष १९१६ आणि समुद्रातील बचावासाठी तटरक्षक दल १५५४. हे चारही क्रमांक गटातील प्रत्येकाच्या भ्रमणध्वनीत आधीच नोंदवलेले असावेत.

आक्साला वाळूवरून चालावे, पायाला लाट लागू द्यावी आणि तेथेच थांबावे. धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुले बरोबर असतील तर दर पाच मुलांमागे एक मोठा माणूस असावा. पाण्याजवळ त्यांची मोजणी करावी आणि पुन्हा रस्त्यावर आल्यावर करावी. ओहोटीत उघड्या पडलेल्या, चकाकणाऱ्या ओल्या वाळूत काही ठिकाणी पाय रुततो. तेथे धावू नये.

येणे-जाणे

२००८ मध्ये पूर्णा–अकोला मार्ग रुंद झाल्यापासून हिंगोलीकरांचा रेल्वेप्रवास सुकर झाला आणि २०२४ मध्ये मुंबई–जालना जनशताब्दी हिंगोलीपर्यंत वाढवण्यात आली. तिने किंवा अन्य गाडीने शनिवारी मुंबईत पोहोचून मुक्काम करावा. रविवारी लोहमार्गावर मेगाब्लॉक असतो, तेव्हा सकाळी तासभर अधिक हाताशी ठेवावा. दादरला पश्चिम रेल्वेच्या लोकलने अंधेरी, तेथून मेट्रोने वर्सोवा, रिक्षाने वेसाव्याचा धक्का व होडीने मढ, असा जाण्याचा क्रम. ज्यांना चालायचे नाही अशा वडीलधाऱ्यांनी मालाड पश्चिमेहून मढकडे जाणाऱ्या बेस्टच्या बसने थेट एरंगळला उतरावे व चालणाऱ्यांची वाट तेथे पाहावी. जत्रेच्या दिवशी मार्वे रस्त्यावर वाहनांची कोंडी होते, बसला दुप्पट वेळ लागू शकतो.

प्रत्येकाजवळ किमान दोन लिटर पिण्याचे पाणी, डोक्याला टोपी किंवा रुमाल, थोडी साखर-मीठ, मलमपट्टी व शिट्टी असावी. वाटेवर सावली जवळपास नाही, आणि जानेवारीतही समुद्रावरचे ऊन वाऱ्यामुळे जाणवत नसले तरी भाजते. भ्रमणध्वनी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा.

मार्वेला पोहोचल्यावर खाडीपलीकडे मनोरीला जाणारी होडी दिसेल. वेळ व उत्साह असेल तर ती घ्यावी, नसेल तर मालाड स्थानकाची बस घ्यावी. सुका बोंबील किंवा जवळा घरी न्यायचा असल्यास तो जत्रेतच घ्यावा, मात्र तीन पदरी प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून, झाकणाच्या डब्यात ठेवावा. हिंगोलीपर्यंतचा रेल्वेप्रवास दीर्घ आहे आणि डब्यातील सहप्रवासी आपल्याच जिल्ह्यातील असतात.